निवासस्थान शासनाचे, सामान आपले

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. त्याआधी दोन वर्षे, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सुमारे ५७ फुटांपर्यंत चढली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा प्रत्येक महापुरानंतर घरोघर पंचनामे होतात. ते करणारे ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) व ग्रामपंचायतीचे अधिकारी पुष्कळदा त्याच परिसरात शासकीय निवासस्थानात अथवा भाड्याच्या घरात राहत असतात. इतरांच्या नुकसानीची नोंद ते करीत असताना त्यांच्या स्वतःच्या घरातील कपाटेही भिजलेली असतात.

शासकीय निवासस्थानाची डागडुजी सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. लष्करी छावणीतील घरांची देखभाल मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडे असते. पोलिसांच्या घरांच्या बांधकामासाठी १९७४ पासून स्वतंत्र गृहनिर्माण महामंडळ आहे. भिंत खचली, छप्पर उडाले, तर ते दुरुस्त करणारे कोणीतरी आहे, ही भावना त्यामुळे रहिवाशांच्या मनात दृढ झालेली असते आणि ती रास्तही आहे. परंतु ही जबाबदारी वास्तूपुरतीच असते. घरातील शीतकपाट, शिलाई यंत्र, गाद्या, कपडे, मुलांची पुस्तके यांची भरपाई करण्याचे दायित्व घरमालकावर, मग तो शासन असो वा खाजगी व्यक्ती, सहसा येत नाही.

आपला विमा आहेच, असे उत्तर अनेक कर्मचारी देतात. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी १९८२ ची गट विमा योजना आहे. सैनिकांसाठी १ जानेवारी १९७६ पासून लष्कराचा समूह विमा निधी आहे. या दोन्ही व्यवस्था मोलाच्या आहेत. मात्र त्या माणसाच्या जीविताशी निगडित आहेत. पगारातून दरमहा विम्याची रक्कम कापली जाते म्हणून घरातील सामानही सुरक्षित झाले, हा समज चुकीचा आहे.

आपत्तीनंतर शासनाकडून मिळणारे साहाय्य हा कुटुंबाला तातडीने सावरण्यासाठी दिलेला आधार असतो. २०२१ च्या महापुरानंतर राज्य शासनाने कपड्यांसाठी ५ हजार व भांडीकुंडी यांसाठी ५ हजार, असे प्रतिकुटुंब १० हजार रुपये दिले. आता एका साध्या संसाराचा हिशेब मांडून पाहावा. शीतकपाट २० हजार, धुलाई यंत्र १८ हजार, दूरचित्रवाणी संच २५ हजार, लोखंडी कपाटे दोन मिळून २४ हजार, पलंग व गाद्या ३० हजार, घरातील सर्वांचे कपडे ५० हजार, भांडी २५ हजार आणि संगणक ४० हजार असे धरले, तरी बेरीज २ लाख ३२ हजारांवर जाते. काटकसरीने दहा-बारा वर्षांत जमवलेला हा संसार तळमजल्यावर असेल, तर एका रात्रीत पाण्याखाली जाऊ शकतो.

घराचा विमा घरमालकानेच घ्यावयाचा असतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. वास्तविक केवळ घरातील सामानाचा विमा भाडेकरूस, तसेच शासकीय निवासस्थानातील रहिवाशासही घेता येतो. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ या नावाची प्रमाणित पॉलिसी लागू केली. आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, पाण्याची टाकी फुटणे इत्यादी कारणांनी झालेली हानी तीत समाविष्ट आहे. विम्याची रक्कम सामानाच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी लिहिली गेली, तर पूर्वी भरपाईतही त्या प्रमाणात कपात होत असे. या पॉलिसीत ती अट काढून टाकण्यात आली आहे. अर्थात भरपाई लिहिलेल्या रकमेपलीकडे जात नाही. हप्ता कंपनीगणिक बदलतो. तथापि एवढ्याच संकटांपुरता विमा घेतल्यास मध्यम संसारासाठी तो वर्षाला साधारणतः काही शे रुपयांच्या घरात असतो. सणाला फटाक्यांवर याहून अधिक खर्च होतो.

मात्र पॉलिसी हाती घेताना तिच्यात काय नाही, हे आधी वाचावे. सर्वांत मोठा गैरसमज चोरीविषयी आहे. वरीलपैकी एखादी आपत्ती ओढवली आणि तिच्यामुळेच पुढील सात दिवसांत चोरी झाली, तर ती या पॉलिसीत धरली जाते. एरवीची घरफोडी धरली जात नाही. सुटीत गावी जाऊन घर बंद ठेवणाऱ्या शिक्षकांनी आणि दूरच्या चौकीवर नेमणूक झालेल्या पोलिसांनी घरफोडीचे संरक्षण निराळे मागून घ्यावे. सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या गृहस्थांसाठीच्या एकत्रित पॉलिसीत ते मिळू शकते. दागिन्यांसाठीही वेगळी नोंद करावी लागते. रोकड व कागदपत्रे सामान्यतः वगळलेली असतात. म्हणून प्रमाणपत्रे, सेवापुस्तकाच्या प्रती इत्यादी डिजिलॉकरमध्ये अथवा अन्य गावी नातेवाइकांकडे ठेवणे श्रेयस्कर. युद्धजन्य हानी वगळलेली असते, हे सैनिक कुटुंबांनी ध्यानात घ्यावे. लष्करी निवासस्थानात शासनाने पुरविलेले पलंग, टेबल, खुर्च्या आपल्या यादीत धरू नयेत.

सैनिकाची नेमणूक सीमेवर होते तेव्हा कुटुंब छावणीतील घरात मागे राहते. पॉलिसी त्याच्या नावावर, कागद त्याच्या पेटीत आणि आपत्तीला तोंड देणारी पत्नी घरी, अशी स्थिती सहज उद्भवते. पॉलिसीचा क्रमांक व कंपनीचा दूरध्वनी तिला ठाऊक असेल, तरच त्या कागदाचा उपयोग.

भरपाईचे बरेचसे दावे अडतात ते पुराव्याअभावी. पूर ओसरताच माणसे कुजलेले सामान रस्त्यावर आणून टाकतात, नगरपालिकेच्या गाड्या ते उचलून नेतात आणि पाहणीस येणाऱ्या सर्वेक्षकाला दाखविण्यास काहीच उरत नाही. आरोग्याच्या दृष्टीने स्वच्छता तर हवीच. म्हणून फेकण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे, भिंतीवर पाणी चढल्याच्या खुणेसह, छायाचित्र घ्यावे; कंपनीस त्वरित कळवावे; टिकण्याजोग्या वस्तू सर्वेक्षक येईपर्यंत ठेवाव्यात आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. पंचनामा करणाऱ्यांनीही ‘संसारोपयोगी साहित्याचे नुकसान’ एवढेच न लिहिता वस्तूंची नावे नोंदवली, तर त्या कुटुंबास मोठी मदत होईल. कोरड्या दिवसांत एकदा घरभर फिरून मोबाईलवर सामानाची छायाचित्रे काढावीत व ती खरेदीच्या पावत्यांसह घराबाहेर कोठेतरी जतन करावीत. या कामास अर्धा तास पुरतो.

दावा नाकारला गेला किंवा उत्तरच आले नाही, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये असून तक्रारीस शुल्क नाही, वकिलाचीही आवश्यकता नाही.

सर्वांत अधिक विसरली जाणारी बाब बदलीची आहे. पॉलिसीत घराचा पत्ता नमूद असतो. बदलीचा आदेश आला की घरभाडे भत्ता, मुलांच्या शाळेचा दाखला, गॅसची जोडणी यांची धावपळ सुरू होते. त्याच यादीत विमा कंपनीस नवा पत्ता कळविण्याचे काम लिहावे आणि दुरुस्त कागद हाती येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा.