वाडी, पाखाडी आणि तुटक मुलूख

'काळाचौकी' हे नाव उच्चारताना त्यातील 'चौकी' या शब्दाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. चौकी म्हणजे पहाऱ्याची जागा. ती बहुधा गावाच्या वेशीवर किंवा वाटेवर असते. आज काळाचौकीच्या चहूबाजूंना लालबाग, शिवडी, परळ अशी दाट वस्ती आहे. नाव मात्र पहाऱ्याचेच राहिले.

मूळ गावापासून अंतरावर वसलेल्या वस्तीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कोकणात वाडी आणि कोंड, ठाणे-पालघरच्या आदिवासी भागात पाडा, बंजारा समाजाचा तांडा, महसुली दप्तरातील मजरे. आपल्या ईस्ट इंडियन बांधवांचा 'पाखाडी' हा शब्द माझगावच्या माथारपाखाडीने आजही जपला आहे. गिरगावची खोताची वाडी तर सर्वांच्या परिचयाची आहे. यांपैकी मजऱ्याचे उदाहरण आम्हांस विशेष बोलके वाटते. मजऱ्याला स्वतंत्र गावाचा मान नसतो; तो कोणत्या तरी मौजाचा असतो. घरे दूर असली तरी त्यांचे नाते शब्दातच सांगितलेले असते.

परंतु वस्ती दूर असणे वेगळे आणि एका सत्तेचा मुलूख दुसऱ्या सत्तेच्या हद्दीने वेढला जाणे वेगळे. या दुसऱ्या स्थितीसाठी लोकांच्या तोंडी बसलेला शब्द मराठीत नाही. आम्ही येथे दोन साधे शब्द वापरतो. ज्याच्या हद्दीने वेढले आहे त्याच्या दृष्टीने तो 'वेढलेला मुलूख'. ज्याच्या मालकीचा आहे त्याच्या दृष्टीने 'तुटक मुलूख'. जमीन तीच, पाहणाऱ्याची जागा निराळी.

याचे ठळक उदाहरण आपल्या शेजारीच घडले. सन १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले. त्याच्या भरपाईपोटी, १७७९ च्या पुणे तहाच्या आधारे, १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली. १७८५ मध्ये दादराही गेले. (येथील 'हवेली' म्हणजे वाडा नव्हे. मुख्य ठाण्याला जोडलेला आसपासचा मुलूख, असा तो जुना महसुली शब्द आहे. पुण्याचा हवेली तालुका त्याच अर्थाचा.) दमण समुद्रकाठी आणि हे दोन तुकडे आत. मधला प्रदेश पुढे ब्रिटिशांचा व नंतर स्वतंत्र भारताचा झाला. दमणहून दादऱ्याला जाणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला परक्या हद्दीतूनच जावे लागे.

सन १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दोन्ही तुकडे मुक्त केले. या लढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. पोर्तुगालने १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि तेथे प्रश्न शब्दांवर आला. पेशव्यांनी दिले ते काय होते? न्यायालयाच्या मते तो सालीना बारा हजार रुपयांच्या महसुलाचा हक्क होता, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. ते पुढे ब्रिटिशांच्या मान्यतेने मिळाले. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्या वाटचालीचा हक्क मान्य केला, सैन्य व शस्त्रांचा मात्र नाही. आणि भारताने या हक्काबाबतचे आपले बंधन मोडले नसल्याचा निर्वाळाही दिला. मोडी दप्तरातला 'सरंजाम' हा शब्द दीडशेहून अधिक वर्षांनी युरोपातील न्यायासनापुढे तोलला गेला!

ख्रिस्तसभेचा कारभारही अशा तुकड्यांपासून मुक्त नव्हता. पोर्तुगीज राजाच्या आश्रयाधिकारामुळे, म्हणजे पाद्रुआदोमुळे, मुंबईत दीर्घकाळ दुहेरी धर्माधिकार चालला. १८८६ मध्ये मुंबईचा महाधर्मप्रांत स्थापन झाला. त्याच वर्षी दमणचा धर्मप्रांतही झाला आणि मुंबई बेटावरील पाद्रुआदोची चर्चेस त्याच्याकडे आली. दादरच्या साल्वासांव चर्चला लोक 'पोर्तुगीज चर्च' म्हणतात, ते या इतिहासामुळेच. एकाच आळीतील दोन कुटुंबे दोन बिशपांच्या अधिकाराखाली असत. धर्मभगिनी-धर्मबंधूंमध्ये त्यामुळे आलेला दुरावा क्लेशदायक होता, हे लपवण्याचे कारण नाही. विश्वास एक, संस्कार एक. कलह होता तो अधिकाराच्या हद्दीचा.

१९२८ च्या कराराने ही दुहेरी व्यवस्था संपली. मुंबईच्या महाधर्मप्रांताच्या प्रमुखपदी आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश व्यक्ती असावी, असे ठरले. ती प्रथाही १९५० मध्ये बंद होऊन व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

दमणचे नाव १९२८ मध्ये गोव्याशी जोडले गेले. पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये गेली, तरी 'गोवा व दमण महाधर्मप्रांत' हे नाव आजही तसेच आहे. पणजीहून दमणच्या धर्मग्रामाला भेट देण्यास निघालेल्या धर्मगुरूंना रस्त्याने जाताना वाटेत इतर धर्मप्रांत ओलांडावे लागतात.