हा नंबर कोणाचा?

गरोदर बाईची आरोग्य खात्याकडे नोंद होते तेव्हा तिच्या नावापुढे एक मोबाइल नंबरही लिहिला जातो. त्याच नंबरावर चौथ्या महिन्यापासून दर आठवड्याला ‘किलकारी’चा फोन येऊ लागतो. मूल वर्षाचं होईपर्यंत असे 72 संदेश येतात. त्यांत लोहाच्या गोळ्या, लसीकरण, अंगावरचं दूध, दोन बाळंतपणांतलं अंतर अशी उपयोगाची माहिती असते. केंद्र सरकारने 2016 साली सुरू केलेली ही सेवा 2024 मध्ये महाराष्ट्रात आली. फोन लागला का, उचलला का, किती वेळ ऐकला, हे सगळं संगणकात आपोआप उमटतं. तो ऐकला कोणी, हे मात्र घरी जाऊन विचारावं लागतं. परभणी जिल्ह्यात मी हे विचारण्याचं काम करते. मोबाइलवरून चालणाऱ्या आरोग्य योजनांबद्दल बायकांशी, त्यांच्या सासवांशी, आशाताईंशी निवांत, सविस्तर बोलायचं आणि ते बोलणं जसंच्या तसं उतरवून काढायचं.

हातात छापील प्रश्नावली नसते, मुद्द्यांची यादी असते. ‘आरोग्याचे फोन येतात का?’ असं थेट विचारलं की ‘येतात की’ एवढंच उत्तर मिळतं. पाहुण्या बाईला नाही कशाला म्हणायचं, असा त्यामागे भाव असतो. म्हणून मी फोनचा दिवस विचारते. काल सकाळी फोन कुठं होता? चार्जिंगला कोणी लावला? रिचार्ज कोण मारतं? सोनपेठ तालुक्यातल्या एका घरी सात महिन्यांची गरोदर मुलगी ज्वारी निवडत बोलत होती. “सकाळी मालकाच्या खिशात. ते कामाला घेऊन जातेत. रात्री आले की लेकरं गेम खेळतेत.” मग तो बाईचा आवाज येतो, गोळ्या घ्या म्हणून सांगणारा, त्याचं काय? “ते म्हणतेत, कंपनीचा फोन हाय. कट करतेत.” आणि जरा थांबून, “एकदा माझ्यासमोर आला तर मी ऐकला सगळा. चांगलं सांगत होती बाई. पुन्हा लावता येतो का तो?”

हा शेवटचा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. त्या दिवसापासून तो प्रत्येक मुलाखतीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21च्या फेरीत देशातल्या सुमारे 54 टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असा मोबाइल असल्याचं सांगितलं. पण ‘वापरतो’ म्हणजे दिवसातून किती वेळ, कोणाला विचारून, कोणासमोर, हे त्या टक्केवारीत मावत नाही. मला वाटतं, अशी सेवा आखतानाच दहा-वीस घरांत बसून हे ऐकून घ्यायला हवं. सेवा चालू होऊन वर्षं उलटल्यावर अहवालात दोन वाक्यं टाकण्यापुरत्या मुलाखती घेणं हा त्या बायकांच्या वेळेचा अपमान आहे.

एकांत मिळवणं हे यातलं सर्वांत अवघड काम. सून बोलायला तोंड उघडते आणि उत्तर सासूकडून येतं. सासूबाईंना बाजूला बसवलं तर आत नक्की काय विचारलं, याचा जाच नंतर सुनेलाच होतो. त्यामुळे आम्ही दोघी जातो. एकीने मावशींशी ओसरीवर बोलायचं, त्यांच्या वेळची बाळंतपणं, सुईण, सटवाईची पूजा, सगळं मनापासून ऐकायचं. तीही मुलाखतच असते, आणि पुष्कळदा अधिक मोलाची, कारण गोळी घ्यायची की नाही हे त्या घरात मावशीच ठरवतात. फोन मात्र त्यांना कधीच येत नाही.

संमती आधी घ्यावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017च्या नीतितत्त्वांनुसार लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणून आशाताईच सोयीची असते, पण तिच्यासमोर आरोग्य खात्याबद्दल कोण मोकळं बोलणार? म्हणून शेजारची एखादी जाणती बाई शोधावी लागते. रेकॉर्डर बंद केला, चहा आला, की खरं बोलणं सुरू होतं हा नेहमीचा अनुभव. ते बोलणं वापरायचं असेल तर पुन्हा विचारावं लागतं. “मावशी, आत्ता म्हणालात ते लिहू का?” नको म्हटलं, तर विषय तिथेच सोडायचा.

एका आशाताईने असंच, वही मिटल्यावर, सांगितलं आणि मग लिहायची परवानगीही दिली. “ज्यांच्याकडं फोनच नाही त्यांच्यापुढं मी माझा नंबर टाकते. रकाना मोकळा ठेवून जमत नाही ना. मग ते सगळे फोन मलाच येतेत. मी उचलते, ऐकते, अन् गेल्यावर त्यांना सांगते.” संगणकाच्या लेखी तिच्या गावात हे सगळे संदेश पोहोचले आहेत. एका अर्थी ते पोहोचलेही आहेत, तिच्या पायांनी.

संध्याकाळी परभणीला परतल्यावर लिहिणं सुरू होतं. तासाभराचं बोलणं उतरवायला अख्खा दिवस जातो. ‘जातेत’चं ‘जातात’ करायचं नाही, हसणं लिहायचं, गप्प बसणंही कंसात लिहायचं. नावाच्या जागी फक्त क्रमांक. मग ते कागद पुन्हा पुन्हा वाचून समासात खुणा करायच्या: ‘फोन नवऱ्याकडे’, ‘कंपनीचा समजून कट’, ‘पुन्हा ऐकायची इच्छा’. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1967 साली मांडलं की बोलण्यातून नवं काही निघेनासं झालं की त्या मुद्द्यापुरतं थांबावं. म्हणून किती मुलाखती घेणार, याचा आकडा मला आधी नेमका सांगता येत नाही, आणि पैसे देणाऱ्यांना नेमका तोच हवा असतो.

थांबावं असं वाटत असतानाच ऊसतोडीचा हंगाम आला. दसरा-दिवाळीनंतर गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातल्या अनेक वस्त्यांना कुलपं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. पोटुशा बायकाही जातात. एका तांड्यावर मागे राहिलेल्या आजीबाईंनी सुनेचा नंबर लागलेला फोन मला काढून दाखवला. तो घरीच होता, कारण गावाकडच्या लेकरांशी बोलायला घरी एक फोन पाहिजे. सून कोल्हापूरकडे फडात, आठवा महिना, आणि दर आठवड्याला तिच्यासाठीचा संदेश इकडे आजींच्या हातात वाजत होता. “मला बटन दाबता येतं,” त्या म्हणाल्या, “पण ते तिच्यासाठी हाय का माझ्यासाठी, ते कुठं कळतं?”

या मुलाखतींतून निघालेली मागणी साधी आहे. नोंदणीच्या वेळी नंबरासोबत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. हा फोन दिवसा कोणाकडे असतो, कोणत्या वेळी केलेला चालेल, आणि दिवाळीनंतर तुम्ही कुठे असाल. तिसऱ्या उत्तरात कारखान्याचं नाव आलं, तर तिथल्या जवळच्या उपकेंद्राला त्या बाईची नोंद त्याच आठवड्यात कळली पाहिजे. आणि फोन चुकला तर बाईला स्वतःहून, फुकट, तोच संदेश पुन्हा ऐकता आला पाहिजे, त्यासाठी लावायचा नंबर तिच्या माता-बाल कार्डावर मोठ्या आकड्यांत लिहून.