मागे उरलेली दप्तरं

1926 साली मराठ्यांच्या इतिहासाचे दोन मोठे संग्राहक गेले. 31 मार्चला दत्तात्रय बळवंत पारसनीस आणि 31 डिसेंबरला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. दोघांचंही आयुष्य जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं खाली उतरवण्यात गेलं; स्वभाव मात्र दोन टोकांचे. पारसनीस साताऱ्यात स्थिरावलेले, इंग्रज अधिकाऱ्यांशी ऊठबस असलेले, नाना फडणवीसांचं मेणवलीचं दप्तर हाती लागलेले भाग्यवान. राजवाडे फटकळ, फिरते, खिशाने फाटके. पत्नी अकाली गेली, पुन्हा संसार मांडला नाही. म्हणजे त्यांच्या कागदांना पोटचा वारस नव्हताच.

मालक गेल्यावर संग्रहाचं काय होतं, हा प्रश्न या दोन दप्तरांच्या वाटेने तपासण्यासारखा आहे.

राजवाड्यांचे कागद पुण्याला असायला हवे होते, असं कोणालाही वाटेल. भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने, खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साथीने उभं राहिलं. पण पुढे पुण्याच्या मंडळींशी बिनसलं आणि राजवाड्यांनी धुळं जवळ केलं. मृत्यू तिथेच आला. त्यानंतर धुळेकरांनी लगोलग, 1927 मध्येच, राजवाडे संशोधन मंडळ काढलं आणि खान्देशात राहिलेला हा ठेवा सांभाळला. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मठामठांतून गोळा करत होते, म्हणजे जुन्या कागदाची किंमत कळणारी माणसं गावात होती. मला हा वारसा सर्वांत सरळ वाटतो. रक्ताचं नातं नाही, सरकारी हुकूम नाही. शेवटच्या वर्षांत ज्यांनी त्या माणसाचा तिरसटपणा सोसला, त्यांनीच त्याच्या कागदांचे रुमाल उचलून नीट ठेवले.

पारसनिसांची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. साताऱ्यात त्यांचं ऐतिहासिक संग्रहालय होतं. कागदांबरोबर चित्रं, नकाशे, वस्तू. 1939 मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि साताऱ्याचा हा संग्रह तिकडे हलवण्यात आला. अभ्यासकांची सोय झाली, कागद सुरक्षित हाती पडले, हे निर्विवाद. तरी साताऱ्याच्या बाजूने पाहिलं की चुटपुट लागते. मराठ्यांच्या राजधानीतला संग्रह राजधानीतून उठला. गाव मोठं की कपाट भक्कम, असा हा पेच आहे आणि मी नाइलाजाने कपाटाच्या बाजूचा आहे. गावाचा अभिमान वाळवीला अडवत नाही.

मात्र राजवाड्यांनी एक गोष्ट जिवंतपणीच करून ठेवली होती. 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड ते छापत गेले, एकूण 22. पहिल्या खंडातली पानिपतच्या काळातली पत्रं वाईला मिळालेली. खंडांच्या लांबलचक प्रस्तावनांवर पुढे कितीतरी वाद झाले, पण कागद कुठून आला, कसा आला, त्याचा भरवसा किती धरायचा, याची झाडाझडती त्यांतच आहे. धुळ्याचं कपाट उद्या जळालं तरी छापलेलं पत्र आणि त्याची हकिगत शिल्लक राहील. बहुतेक संग्रहांचं नेमकं उलट होतं. वस्तू राहते, ती कोणाकडची, कुठली, कशासाठी जपलेली, हे मालकाबरोबर सरणावर जातं. मग घरच्यांच्या हाती उरते एक पितळी डबी. डबी म्हटल्यावर भाव पितळेचा.

कागद नुसते सुरक्षित ठेवून भागत नाही, याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दप्तराइतका बोचरा दुसरा नाही. 1956 मध्ये ते गेले. अप्रकाशित लेखन न्यायालयाच्या ताब्यात गेलं, पुढे महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आलं आणि पेट्यांत पडून राहिलं. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी न्यायालयात धाव घेतली, 1976 मध्ये राज्य सरकारने प्रकाशन समिती नेमली आणि वसंत मून यांनी त्या पेट्या उपसायला घेतल्या. पहिला खंड निघाला 1979 च्या आंबेडकर जयंतीला. मृत्यू आणि पहिला खंड यांत 22 वर्षांहून अधिक अंतर. 1987 साली याच मालिकेत ‘रिडल्स इन हिंदुइझम’ निघालं तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ झाला. पण संपादकांची खरी अडचण त्याआधीची होती. लेखकाने अखेरचा हात फिरवलेली एकसंध प्रत हाती नव्हती, सुट्या प्रकरणांची जुळवाजुळव करावी लागली. प्रकरणांचा क्रम विचारायला माणूस उरला नव्हता.

आपल्या डोळ्यांदेखत किल्ल्या देणारे थोडे. रा. गो. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह 1917 मध्ये त्यांच्याच नावाने निघालेल्या संस्थेला दिला आणि त्यानंतर 8 वर्षं ते हयात होते. पण पुणेकरांच्या तोंडी नाव येणार ते दिनकर केळकरांचं. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारे, चष्म्यांचा धंदा सांभाळणारे हे गृहस्थ 1920 च्या सुमारास अडकित्ते, दिवे, वज्र्या, करंडे, दौती जमवू लागले. ज्या वस्तू लोक मोडीत काढत, त्या हे विकत घेत. पत्नी कमलाबाईंनी संसाराला चिमटे घेत हा नाद पोसला. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि आयुष्यभराची ही जमवाजमव हयातीतच महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केली. 1990 मध्ये केळकर वारले. सुमारे 20 हजार वस्तूंपैकी अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या दिसतात. बाकीच्या जागेअभावी आत. देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने घेतलं, तरी मांडायला भिंती लागतात आणि भिंतींना पैसा लागतो, हे दानपत्र लिहिताना कोणी धरत नाही.

म्हणूनच ग्रंथालयवाले आता हात जोडतात. वडिलांची 3 हजार पुस्तकं घ्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, यादी आहे का? दुसरा, यातली किती आमच्याकडे आधीच आहेत? मुलांना हा अपमान वाटतो, पण प्रश्न रास्त आहे. दाखलनोंद, शिक्का, वर्गीकरण, बांधणी, वाळवीचं औषध, सगळ्याला माणूस लागतो. शिवाय पुस्तकं घेतली तरी विषयवार विखुरतात. ‘अमुक यांचा संग्रह’ उरतो तो फक्त आतल्या चिठ्ठीवर. देणगीबरोबर देखभालीचा निधी देणारा दाता दिसला की ग्रंथपालाचा चेहरा खुलतो, यात नवल नाही.

आणि विकलं तर? आपल्याकडे ‘बापाची पुस्तकं विकली’ ही शिवी आहे. फ्रेंच लेखक एदमों द गोंकूर याने मृत्युपत्रातच लिलाव सांगितला होता. आपली चित्रं संग्रहालयाच्या थंड दालनात उदासीन नजरांपुढे टांगू नयेत, एकेक नगाला नवा रसिक मिळावा, हा त्याचा आग्रह. 1896 मध्ये तो वारला, लिलाव झाले आणि त्या पैशाचा हातभार लागलेली गोंकूर अकादमी 1903 पासून कादंबरीला पारितोषिक देते आहे. संग्रह फुटला, नाव टिकलं. नाणी, तिकिटं, ध्वनिमुद्रिका अशा संग्रहांना मला हाच मार्ग पटतो. आठ जण आठ नग नीट जपतील. एक कंटाळलेला मुलगा सगळेच गमावेल. दप्तराचं तसं नाही. पत्रापासून उत्तर वेगळं केलं की दोन्ही मुकी होतात. दप्तर फोडू नये.

कायद्याकडे घरच्यांचं लक्ष सहसा नसतं. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांपलीकडची शिल्पं, चित्रं, नाणी आणि 75 वर्षांपलीकडची ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखितं पुरावशेषांत मोडतात. त्यांतल्या ठरावीक प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे, नोंदलेली वस्तू दुसऱ्याच्या नावे झाली की कळवावं लागतं, आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाने आजोबांची मूर्ती सामानात टाकली तर विमानतळावर गाठ पडते ती या कायद्याशी. मृत्युपत्राचं त्या मानाने सोपं: साधा कागद, सही आणि दोन साक्षीदार चालतात. पण ‘माझा संग्रह योग्य संस्थेस द्यावा’ एवढंच लिहिलं तर मुलांनी योग्य संस्था शोधायची कुठे? तिचं नाव हवं, तिने घेण्याचं लेखी कबूल केलेलं हवं, नाही म्हटल्यास दुसरं नाव हवं. सोबत एक वही: वस्तू, कुठून आली, कधी, कितीला, आणि का घेतली. शेवटचा रकाना मालकाशिवाय कोणालाच भरता येत नाही, तो आधी भरावा. आणि वहीची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवावी.