ठाण्याच्या खाडीतील पेशीसृष्टी

ठाण्यातील वर्तकनगरच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, तर पूर्वेला शहर ओलांडले की ठाण्याची खाडी लागते. ऐरोली व वाशी पुलांदरम्यानच्या खाडीपट्ट्याला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२२ मध्ये या खाडीचा समावेश रामसर पाणथळ क्षेत्रांच्या यादीत झाला. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांमुळे ख्याती पावलेली ही खाडी पेशींच्या अभ्यासकालाही समृद्ध दालन आहे. सजीवांच्या पेशींचे प्रमुख प्रकार येथे एकत्र नांदतात.

पेशी हा सजीवांच्या रचनेचा आणि कार्याचा मूलभूत घटक होय. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात मृत पेशींच्या भित्तिका पाहिल्या. श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींविषयी व श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांविषयी पेशीसिद्धांत मांडला. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हे तत्त्व फिर्खो यांनी १८५५ मध्ये प्रतिपादन केले.

पेशींचे दोन मुख्य वर्ग मानतात. आदिकेंद्रकी पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक नसते. खाडीच्या चिखलातील जीवाणू आणि नीलहरित जीवाणू या वर्गात मोडतात. यांतील बहुतेक पेशी काही मायक्रॉन लांबीच्या असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दृश्यकेंद्रकी पेशीत सुस्पष्ट केंद्रक, तंतुकणिका आणि इतर अंगके असतात. सिलिकामय कवचाचे एकपेशीय डायटम, कवके, वनस्पती व प्राणी हे सर्व दृश्यकेंद्रकी आहेत.

वनस्पतिपेशीचे उत्तम उदाहरण म्हणजे खाडीकाठचे तिवर. त्याच्या पेशींना सेल्युलोजची भित्तिका असते आणि पानांतील हरितलवके प्रकाशसंश्लेषण करतात. मुळांतून आत आलेले जादा मीठ पानांवरील क्षारग्रंथी बाहेर टाकतात. या कामाला ऊर्जा लागते. म्हणूनच ग्रंथींच्या स्रावी पेशींत ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका विपुल असतात.

प्राणिपेशीला भित्तिका नसते. तिचे लवचीक प्रद्रव्यपटल हेच बाहेरचे आवरण. धाकट्या रोहित पक्ष्याच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते, मानवाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशींत ते नसते. हा पक्षी चोचीतील गाळणीने नीलहरित जीवाणू व डायटम टिपतो. त्यांतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे त्याच्या पिसांना गुलाबी छटा येते.

या पेशींचे नाते उत्पत्तीच्या इतिहासात अधिक स्पष्ट होते. नीलहरित जीवाणूंच्या पूर्वजांनी सोडलेल्या प्राणवायूचे प्रमाण सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात वाढू लागले. एका प्राचीन दृश्यकेंद्रकी पेशीने असाच जीवाणू सामावून घेतला आणि त्यापासून हरितलवक बनले, असे अंतःसहजीवनाचा सिद्धांत सांगतो. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये तो नव्याने मांडला. हरितलवकाला स्वतःचा डीएनए असणे हा त्याचा भक्कम पुरावा आहे. म्हणजेच तिवराच्या पानातील हरितलवक आणि पायथ्याच्या चिखलातील नीलहरित जीवाणू एकाच कुळाचे आहेत.

या पेशींचे कार्य माणसालाही उपकारक ठरते. चिखलातील जीवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करून पोषणद्रव्ये पुन्हा उपलब्ध करतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतही जीवाणूंच्या याच क्षमतेचा उपयोग होतो. तिवरांचे कांदळवन कर्बाचा साठा करते, किनाऱ्याची धूप रोखते आणि मासे व खेकड्यांच्या पिलांना आसरा देते. खाडीत भराव टाकला, तर पक्षी व झाडांबरोबर त्यांना पोसणारी ही सूक्ष्म सृष्टीही नष्ट होते. म्हणून संरक्षणाचा विचार चिखलातील पेशींपासूनच सुरू झाला पाहिजे.