विश्लेषण : वाचवलेल्या मांजराला कच्चे मांस द्यावे का?

पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकमध्ये मांजराची पिल्ले सापडू लागतात. कधी सोसायटीच्या जिन्याखाली, कधी उभ्या मोटारीच्या इंजिनाजवळच्या उबेत, कधी जुन्या नाशकातल्या पडक्या वाड्याच्या माळ्यावर. कोणी तरी ते पिल्लू खोक्यात घालून घरी आणते, वाटीत दूध ओतते आणि मग मोबाइलवर शोधू लागते. तिथे एक सल्ला हमखास भेटतो. मांजर मूळचे शिकारी आहे, त्याला निसर्गात मिळते तसे कच्चे मांस द्या, पाकिटातले दाणे बंद करा आणि औषधांऐवजी तेले, वनस्पती, घरगुती उपाय वापरा. या सल्ल्यातला काही भाग शास्त्राला धरून आहे. मात्र गेल्या काही वर्षांत, आणि त्यातही जानेवारी २०२५ नंतर, त्यातला दुसरा भाग फार महाग पडू शकतो हे महाराष्ट्रातच दिसले.

गोरेवाड्यात काय घडले?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. मानवी संघर्षातून हे वाघ चंद्रपूर भागातून येथे हलवण्यात आले होते. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि जानेवारीच्या सुरुवातीला निदान आले : एच५एन१, म्हणजेच बर्ड फ्लू. संशय खाद्य म्हणून दिलेल्या कच्च्या कोंबडीच्या मांसाकडे वळला. त्याच महिन्यात नागपूरच्या शेजारच्या छिंदवाडा शहरात पाळीव मांजरांत हाच विषाणू आढळला आणि तेथील कोंबडीची दुकाने बंद करावी लागली.

वाघ आणि घरातले मांजर एकाच कुळातले. हा विषाणू त्या कुळाला विशेष झोडपतो. पोलंडमध्ये २०२३ च्या जून-जुलैत अनेक शहरांतली मांजरे अचानक मरू लागली. तपासलेल्या ४७ पैकी २९ नमुन्यांत एच५एन१ सापडला. त्यातली काही मांजरे घराबाहेर पडतच नव्हती. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात डिसेंबर २०२४ मध्ये घरातच राहणारे एक मांजर दगावले. त्याने खाल्लेल्या गोठवलेल्या कच्च्या टर्कीच्या खाद्यात आणि त्याच्या शरीरात सापडलेला विषाणू जनुकीयदृष्ट्या एकच होता. ते खाद्य बाजारातून परत मागवण्यात आले.

‘आम्ही मांस आधी फ्रीजरमध्ये ठेवतो’ असे कच्चा आहार देणारे सांगतात. गोठवण्याने काही परजीवी मरतात हे खरे. पण विषाणू गोठवल्याने टिकून राहतो, साल्मोनेलासारखे जिवाणूही तग धरतात. दोन्ही मरतात ते उष्णतेने; मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसच्या वर तापले की विषाणू निष्प्रभ होतो. बर्ड फ्लूच्या साथीतही नीट शिजवलेली कोंबडी खायला हरकत नाही असे सरकार सांगते, ते याच आधारावर. उत्तर महाराष्ट्राला ही सूचना नवी नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नाशिक विभागातल्याच नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आढळला होता.

एक साधी गोष्ट इथे विसरली जाते. आपल्याकडच्या दुकानात कापून मिळणारी कोंबडी ही शिजवण्यासाठीच विकली जाते. ओट्यावरचा तोच लाकडी ठोकळा, तोच सुरा, तेच बादलीतले पाणी. कच्चे खाण्याजोगे मांस म्हणून तपासून विकण्याची साखळी नाशकातल्या नाक्यावरच्या दुकानात नाही, आणि दुकानदाराने तसा दावाही कधी केलेला नाही.

मग वाड्यातली मांजरे दूध-भातावर कशी जगली?

घरोघरी विचारला जाणारा हा प्रश्न रास्त आहे. आजीच्या काळात मांजराला ताटातला उरलेला दूध-भात, क्वचित माशाचे डोके एवढेच मिळे आणि तरी ते बारा वर्षे जगे. (किती पिल्ले पहिल्या वर्षातच गेली, हे मात्र कोणी मोजत नसे.) उत्तर धान्याच्या कोठीत आहे. त्या मांजराचे खरे जेवण होते उंदीर. एका मांजराची दिवसाची गरज साधारण आठ-दहा लहान उंदरांत भागते. त्यात मांस असते, हाडांतले कॅल्शियम असते, यकृतातले अ जीवनसत्त्व असते, हृदयातले टॉरिन असते आणि सुमारे सत्तर टक्के पाणी असते. दूध-भात हा वरचा खाऊ होता. डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणीत शोभते. प्रत्यक्षात मोठेपणी बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब लागतात. लहान पिल्लाला तर गाईच्या दुधाने लागलेले जुलाब जीवघेणे ठरतात, त्याला पिल्लांसाठीची दूध-पावडरच लागते.

फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर उंदीर नाही. त्यामुळे वाडग्यात जे पडेल तेच सर्व काही. कच्च्या आहाराचे समर्थक नेमक्या याच जागी बरोबर आहेत : मांजर हा मांसावरच जगणारा प्राणी आहे. कुत्रा किंवा माणूस गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही. टॉरिनही ते पुरेसे बनवू शकत नाही. पाण्याबाबतचा त्यांचा मुद्दाही पटण्याजोगा आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्याला तहान कमी. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असते, म्हणून ओलसर अन्न त्याच्या मूत्रमार्गाला मानवते.

पण ओलसर म्हणजे कच्चे नव्हे. आणि नुसते मांस म्हणजे उंदीर नव्हे.

एक जुना प्रयोग आणि त्याचा चुकलेला अर्थ

कच्च्या आहाराच्या बाजूने हटकून दिला जाणारा दाखला म्हणजे डॉ. फ्रान्सिस पॉटेंजर यांचा. कॅलिफोर्नियात १९३२ ते १९४२ या काळात त्यांनी सुमारे ९०० मांजरांवर निरीक्षणे केली. कच्चे मांस खाणारी मांजरे पिढ्यान् पिढ्या धडधाकट राहिली. शिजवलेल्या मांसावरची मांजरे दुबळी होत गेली आणि तिसऱ्या पिढीनंतर वंशच पुढे सरकेना. निष्कर्ष निघाला की शिजवणे हेच विष.

मांजराला टॉरिन लागते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. टॉरिन न मिळाल्यास मांजराचा दृष्टिपटल झिजून अंधत्व येते हे १९७५ मध्ये दाखवले गेले. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात आणखी मोठी गोष्ट मांडली. हृदयाचे स्नायू सैल पडून मरणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होते आणि ते पुरवल्यावर हृदय पूर्ववत होत होते. ही मांजरे नामांकित कंपन्यांचे डबाबंद खाद्य खात होती! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा आजार पाहता पाहता दुर्मीळ झाला.

म्हणजे शिजवलेले मांस अपुरे ठरू शकते, पाकीट अपुरे ठरू शकते आणि कच्चेही. नुसते बोनलेस कच्चे मांस खाणाऱ्या पिल्लाची हाडे काही आठवड्यांत ठिसूळ होतात, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. शरीर मग हाडांतूनच कॅल्शियम ओढते; पिल्लू लंगडते, उडी मारताना पाय मोडतो. रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व साठून मानेचे मणके जखडतात. काही जातींच्या कच्च्या माशांत बी१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. सतत तेच दिल्यास मांजराची मान खाली झुकते, झटके येतात.

वाचवलेल्या मांजराच्या बाबतीत धोका दुप्पट. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाच्या पोटात जंत असतात, लसीकरण झालेले नसते, प्रतिकारशक्ती उपासमारीने खचलेली असते. धडधाकट मांजर जो जिवाणू पचवून टाकते, तोच त्याला आडवा करतो. घरात पाच-सहा मांजरे असतील तर एकाचा संसर्ग सर्वांचा होतो. घरात गर्भवती असेल तर टोक्सोप्लाझ्माचाही विचार करावा लागतो. कच्च्या मांसातून हा परजीवी मांजराच्या पोटात जातो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून मातीचा ट्रे रोज साफ करणे आणि ते काम गर्भवतीने न करणे एवढ्याने बराच धोका टळतो. मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेने कच्च्या मांसाच्या आहाराविरुद्ध २०१२ मध्येच भूमिका घेतली, त्यामागे प्राण्याइतकीच घरातल्या माणसांचीही काळजी होती.

घरीच करायचे तर

नाशकातल्या बहुतेक घरांसाठी व्यवहार्य मार्ग मधला आहे : ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असे लिहिलेले ओले किंवा कोरडे खाद्य हा पाया आणि त्याच्या जोडीला शिजवलेले मांस. पूर्णपणे घरच्या अन्नावर ठेवायचे असेल तर कॅल्शियम, टॉरिन आणि जीवनसत्त्वांचे प्रमाण पशुवैद्याकडून वजनानुसार ठरवून घ्यावे लागते. अंदाजपंचे चालत नाही.

छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीच्या गडद मांसात आणि हृदयात टॉरिन कितीतरी जास्त. कलेजी-पेटा घेताना हृदयाचे तुकडे मागून घ्यावेत, कलेजी मात्र एकूण अन्नाच्या विसाव्या भागाइतकीच. थोड्या पाण्यात शिजवावे आणि ते पाणी फेकू नये. टॉरिन पाण्यात उतरते. चिकन उकळून पाणी सिंकमध्ये ओतणारे घर नकळत तेच ओतून देते. मीठ, मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. घरच्या रश्श्यातले धुतलेले तुकडेही याच कारणाने टाळावेत. शिजलेले हाड अणकुचीदार फुटते, ते काढून टाकावे.

खाद्य बदलायचे ते आठवडा-दहा दिवसांत, थोडे थोडे मिसळत. ‘भूक लागली की आपोआप खाईल’ हे कुत्र्याला लागू पडेल. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतते.

श्रावणात, चातुर्मासात किंवा मुळातच शाकाहारी घरात मांस शिजवणे शक्य नसते. पंचवटीसारख्या भागात ही अडचण खरीखुरी आहे. तिथे बंद पाकिटातले संपूर्ण खाद्य हाच सरळ उपाय. पनीर-भातावर मांजर शाकाहारी होत नाही, हळूहळू आंधळे होते. ज्यांना पाकीटही घरात नको, त्यांनी मांजराला दुसरे चांगले घर शोधून देण्यात काही कमीपणा नाही.

‘समग्र’ देखभालीत काय बसते?

हा शब्द चांगला आहे, फक्त तो वनस्पतींच्या बाटल्यांपुरता आखडला आहे. माणूस आणि कुत्रा ज्या रीतीने काही औषधे व तेले यकृतात निकामी करतात, ती यंत्रणा मांजरात अपुरी आहे. पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घेते. कापूर, डांबरगोळ्या, टी-ट्री तेल, फरशी पुसायचे फिनाइल हे सर्व त्याच्यासाठी विषारी. ते अंगाला लावायचीही गरज नाही. पंजे फरशीवरून फिरतात आणि मांजर पंजे चाटते. कुत्र्यांसाठीचे पिसवांचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराच्या मानेवर टाकल्याने झटके येतात. ‘नैसर्गिक’ लिहिलेली बाटलीही पशुवैद्याला दाखवूनच उघडावी.

सापडलेले पिल्लू गार पडले असेल तर आधी ऊब, मग दूध. थंड पिल्लाला पाजलेले पचत नाही. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत हे आवर्जून लक्षात ठेवण्याजोगे. पाजताना ते पालथे धरावे, माणसाच्या बाळासारखे उताणे नाही, नाही तर दूध फुप्फुसात जाते. घरात आधीचे मांजर असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. जंतनाशक, सहा ते आठ आठवड्यांपासून लसी, वेळेत नसबंदी. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारणा करता येते. आणि लपायला एक खोके, खिडकीजवळ उंच जागा, नखे घासायला गोणपाटाचा तुकडा, दिवसातून दोनदा दहा मिनिटे दोरीचा खेळ. भेदरलेले मांजर यानेच खाऊ लागते, खाद्याचा ब्रँड बदलून नाही.

बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसत असेल, ओरडत असेल आणि लघवी होत नसेल तर मूत्रमार्ग बंद झाला आहे असे समजावे. त्यात एक-दोन दिवसांत मृत्यू येतो. इथे काढा, थेंब, गोळ्या यांना वेळ देता येत नाही. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. अनोळखी मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. ती सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.