एका शिलिंगचं स्वातंत्र्य

जानेवारी २०२५मध्ये व्यंगचित्रकार अ‍ॅन टेल्नेस यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ सोडलं, त्यावर आपल्याकडेही पुष्कळ लिहून झालं. वर्तमानपत्राचे मालक जेफ बेझोस आणि इतर धनाढ्य मंडळी ट्रम्प यांच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून बसली आहेत, असं टेल्नेस यांचं चित्र संपादकांनी नाकारलं होतं. त्याच वर्षी इंदूरच्या एका व्यंगचित्रकाराला अटक टाळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. दोन्ही वेळी चर्चा झाली ती धैर्याची आणि कायद्याची. चित्रकाराचं पोट कोण चालवतं, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं सर्वांत चांगलं उत्तर अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये सापडतं.

तिथल्या वर्तमानपत्रांत तेव्हा व्यंगचित्रं नसत. ती सुट्ट्या कागदावर छापून दुकानात विकली जात. छपाईआधी परवाना घेण्याची सक्ती १६९५मध्येच संपली होती. खटला भरता येई, पण छापून झाल्यावर. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने चित्र उलटं रेखाटायचं, नायट्रिक आम्लाने रेघा खोल करायच्या, शाई भरून ओलसर कागद रुळाखालून काढायचा. गरज पडली तर हे सारं दोन-तीन दिवसांत उरकता येई. रंग हाताने भरत. साधी प्रत साधारण शिलिंगला, रंगीत दोनला. मजुराच्या दिवसाच्या कमाईचा मोठा भाग त्यात जाई, त्यामुळे गरीब माणूस दुकानाच्या काचेतूनच चित्रं पाही, आणि ते फुकट असे.

या धंद्याला कायद्याचा आधार मिळवून दिला चित्रकार विल्यम होगार्थने. तो मूळचा चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याचा उमेदवार. खेड्यातून लंडनला आलेल्या मुलीच्या अधोगतीची त्याची सहा चित्रांची माला १७३२मध्ये आली, एका गिनीला संच. ती इतकी खपली की नक्कल करणाऱ्यांनी बाजार भरून टाकला. होगार्थने इतर कलाकारांना सोबत घेऊन संसदेकडे अर्ज केला आणि १७३५मध्ये कायदा झाला: स्वतः रचलेल्या चित्रावर चौदा वर्षं हक्क. त्याने आपली पुढची माला कायदा लागू होण्याच्या दिवसापर्यंत, म्हणजे २५ जूनपर्यंत रोखून धरली. स्वस्त नकला होणारच हे ओळखून एका विक्रेत्याला अधिकृत स्वस्त आवृत्ती काढायची परवानगीही त्यानेच दिली. व्यवहार इतका नीट कळणारा कलाकार विरळाच. १७५१मधलं त्याचं ‘जिन लेन’ हे जिनच्या व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या वस्तीचं चित्र जाणूनबुजून साध्या रेघांत आणि एका शिलिंगला विकलं गेलं, कारण ते सामान्यांपर्यंत पोचायला हवं होतं. त्याच वर्षी जिनच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदाही आला.

हे सगळं फक्त टीकेवर उभं नव्हतं. सेंट पॉल चर्चयार्डमधल्या कॅरिंग्टन बोल्सच्या दुकानात नकाशे, निसर्गचित्रं आणि विनोदी चित्रं शेजारी शेजारी विकली जात. श्रीमंतांनी छापचित्रं थेट भिंतींवर चिकटवून, भोवती छापील चौकटी आणि फिती लावून आख्खी खोली सजवायची टूम काढली. लेखक होरेस वॉलपोलने १७५३मध्येच अशी खोली केली होती. लिव्हरपूलमध्ये सॅडलर आणि ग्रीन या छपाईवाल्यांनी १७५६मध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की आपण सहा तासांत बाराशेहून अधिक फरशांवर चित्रं छापली. कोरलेलं चित्र आधी कागदावर आणि कागदावरून चिनी मातीवर, अशी ती युक्ती होती. पुढे भांड्यांचा कारखानदार वेजवूडनेही आपली भांडी छपाईसाठी तिथेच पाठवली. सजावटीला कलेच्या इतिहासात दुय्यम जागा देतात ते मला पटत नाही. छपाईचं कसब आणि गिऱ्हाईक या धंद्यात टिकून राहिलं, त्यात सजावटीचा वाटा मोठा होता.

त्या काळातली व्यंगचित्रं आज आपल्याला वाचता येतात, याचं मोठं श्रेय एम. डोरोथी जॉर्ज या इतिहासकार बाईंना द्यायला हवं. ब्रिटिश म्युझियममधल्या व्यंगचित्रांच्या सूचीचे चार खंड एकोणिसाव्या शतकात झाले होते. १७७१पासून १८३२पर्यंतच्या काळाचे सात खंड बाईंनी १९३५ ते १९५४ या काळात लिहिले. बारा हजारांहून अधिक चित्रं! प्रत्येकात कोण उभा आहे, फुग्यातला टोमणा कोणत्या भाषणाला आहे, मागच्या पाटीवर काय लिहिलंय, हे एकेक करून. एरवी हे केवळ विचित्र नाकांचे पुरुष राहिले असते. व्यंगचित्र सर्वांत लवकर शिळं होतं. ते पुन्हा जिवंत करायला अशी चिकाटी लागते, आणि तिचा सन्मान पुरेसा झाला नाही असं माझं ठाम मत आहे.

एक चित्र आपल्याही इतिहासाला चिकटलेलं आहे. मराठ्यांशी झालेलं पहिलं युद्ध १७८२मध्ये सालबाईच्या तहाने संपलं, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर लंडनमध्ये वादळ उठलेलं होतं. मंत्री चार्ल्स फॉक्सने कंपनीला लगाम घालणारं विधेयक आणलं. ५ डिसेंबर १७८३ला व्यंगचित्रकार जेम्स सेयर्सने त्याला मुघली वेषात हत्तीवर बसवून कंपनीच्या कचेरीकडे निघालेला दाखवला. हत्तीला चेहरा सहकारी लॉर्ड नॉर्थचा, पुढे तुतारी फुंकतोय खासदार एडमंड बर्क. विधेयक उमरावांच्या सभागृहात पडलं, सरकार गेलं. सेयर्सच्या चित्रांनी संसदेतल्या वादविवादांपेक्षा जास्त नुकसान केलं, असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात. पुढे पंतप्रधान पिटच्या सरकारने सेयर्सला बिनकामाचं पद दिलं.

इथेच या कहाणीची काळी बाजू सुरू होते. जेम्स गिलरे हा त्या शतकाचा सर्वांत धारदार हात. हॅना हम्फ्री या विक्रेतीच्या दुकानावरच तो राहायचा आणि तिच्यासाठीच काढायचा. राजा, युवराज, पिट, फॉक्स, त्याने कुणालाही सोडलं नाही. जानेवारी १७९६मध्ये राजघराण्यातल्या नवजात मुलीवरच्या एका चित्रासाठी त्याला अटक झाली. खटला पुढे गेला नाही. १७९७च्या अखेरीपासून मात्र त्याला सरकारकडून वर्षाला दोनशे पौंड सुरू झाले आणि पिटकडे वळलेली धार काही काळ बोथट झाली. अटकेने जे साधलं नाही, ते पगाराने साधलं.

म्हणून टेल्नेस यांच्या निमित्ताने माझं म्हणणं एवढंच: व्यंगचित्रकाराला पुरस्कार आणि पाठिंब्याची पत्रकं द्या, पण त्याचं पुस्तक, त्याचं मूळ चित्र विकतही घ्या. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर गिलरे आणि सेयर्स फुकट पाहता येतात. मराठी व्यंगचित्रकारांचे संग्रह मात्र दुकानात पैसे मोजूनच घ्या.