प्रबंधातले संदर्भ सांभाळताना

गेल्या वर्षी गणपतीचे विसर्जन झाले, त्याच्या दुसऱ्याच रात्री माझ्या भाचीचा फोन आला. प्रबंध सादर करायला नऊ दिवस उरले होते.

"मामा, संदर्भसूचीत चारच पुस्तके दिसतात. बाकीची दोनशे कुठे गेली?"

तिचा विषय आपणा सर्वांच्या घरचाच आहे. बोटीतून उतरलेल्या पणजोबांचे पहिले नाव पुढच्या पिढीचे आडनाव कसे झाले, याचा शोध ती वाक्वा भागातील मराठी घराण्यांपुरता घेत होती. त्यासाठी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत बसून तिने शर्तबंद मजुरांच्या जुन्या नोंदी उतरवून घेतल्या. छापील पुस्तकाचे नाव विसरले तर ग्रंथालयात ते पुन्हा सापडते. परंतु अमुक माणसाचा क्रमांक अमुक वहीत आहे हा तपशील हरवला, तर पुन्हा मोक्याची वाट धरावी लागते. म्हणून तिच्या आवाजातली भीती मला समजली.

ती झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरते. ते २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात निघाले आणि ते फुकट मिळते. पुस्तके, लेख, दप्तरे यांची माहिती त्यात एकदा भरायची. मग वर्डमध्ये लिहिताना बटण दाबून हवा तो संदर्भ मजकुरात बसवायचा. शेवटची सूची यंत्र स्वतः तयार करते. आमच्या वेळी आम्ही पुठ्ठ्याची कार्डे बिस्किटांच्या डब्यात ठेवत होतो आणि सूची करताना आठवडा जात असे. त्या मानाने हे सुखच.

पण कंसात दिसणारे लेखकाचे नाव आणि साल हा वरचा रंग झाला. त्याच्या खाली एक लपलेला संकेत असतो आणि त्यावरूनच यंत्राला पुस्तक ओळखू येते. भाचीच्या मैत्रिणीने इंग्रजी तपासण्यासाठी फाईल गूगल डॉक्समध्ये उघडली, सुधारली आणि पुन्हा वर्डची करून पाठवली. डोळ्यांना सारे पहिल्यासारखेच दिसत होते, पण संकेत गळून गेले होते. दोनशेहून अधिक संदर्भ आता नुसती अक्षरे होती. त्यानंतर तिने नवे चार संदर्भ घातले आणि सूची नव्याने काढली. यंत्राला जे चार ओळखीचे होते, तेवढेच त्याने दिले.

संदर्भ जिवंत आहे की नाही, हे पाहणे अगदी सोपे आहे. वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ-९ ही बटणे एकत्र दाबावीत. जिवंत संदर्भाच्या जागी महिरपी कंसात झोटेरोचे नाव असलेली लांबलचक ओळ दिसते, आणि मेलेला संदर्भ जसाच्या तसा राहतो. तीच बटणे पुन्हा दाबली की सर्व पूर्ववत होते. दुसऱ्याच्या हातून फाईल परत आली की पहिले काम हे करावे. भाचीने ते महिनाभर केले नव्हते.

तिचे नशीब असे की, मैत्रिणीकडे धाडण्याआधीची फाईल तिने स्वतःलाच ईमेलने पाठवून ठेवली होती. त्या प्रतीतले संदर्भ जिवंत होते. मग दोन रात्री बसून आम्ही नवे वाक्यन् वाक्य जुन्या फाईलमध्ये हाताने उतरवले. मी वाचत होतो, ती लिहीत होती, आणि माझी बहीण मध्येमध्ये चहा आणून "झालं का गं?" विचारत होती. नवीन फाईलमधले परिच्छेद जसेच्या तसे आणून चिकटवले असते तर मेलेले संदर्भही बरोबर आले असते, म्हणून तो मोह टाळला.

वास्तविक एका लेखन-प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाण्याची सोय झोटेरोतच आहे. वर्डमधल्या झोटेरोच्या पसंतीच्या खिडकीत दुसरा प्रोग्रॅम वापरण्याचे बटण असते. ते आधी दाबावे, मगच फाईल तिकडे उघडावी आणि तेथे ताजी करून घ्यावी. केवळ भाषा तपासून हवी असेल तर मी म्हणेन, पीडीएफ द्या आणि दुरुस्त्या कडेला लिहून मागा.

कंसात स्वतः टाइप करण्याची सवय तर फारच वाईट. पृष्ठक्रमांक संदर्भाच्या चौकटीतच भरावा. ‘पाहा’ यासारखे शब्द जोडायलाही तेथे जागा असते. हाताने बदल केला, तर पुढच्या वेळी यंत्र तो पुसू पाहते, किंवा तुम्ही नको म्हटले तर तो संदर्भ कायमचा गोठवून ठेवते.

माहिती भरतानाच्या चुका निराळ्या. भाचीच्या सूचीत इन्स्टिट्यूट नावाचे एक लेखक निघाले, आद्याक्षरे एम. जी.! संस्थेचे नाव दोन खान्यांत भरले की यंत्र शेवटच्या शब्दाला आडनाव समजते. संस्थेसाठी एकच खाना ठेवण्याची सोय आहे. आपल्या बेटावरच्या नावांचा घोळ याहून मोठा, कारण बापाचे नाव कोणते आणि आडनाव कोणते हे यंत्राला कोण सांगणार? ते आपणच ठरवून सर्व नोंदींत सारखे लिहावे. एकच लेखक एकदा देवनागरीत आणि एकदा रोमी लिपीत भरला, तर सूचीत ती दोन माणसे होतात. आणि एकाच पुस्तकाच्या सालापुढे ए आणि बी लागलेले दिसले, तर ते पुस्तक दोनदा भरले आहे असे समजा. अशा वेळी जादा नोंद खोडू नये. दोन्ही नोंदी एकत्र करण्याचे बटण वापरावे, म्हणजे प्रबंधातला दुवा तुटत नाही.

प्रबंध दीडशे-दोनशे पानांचा झाला की प्रत्येक नव्या संदर्भाला यंत्र अडखळते, कारण ते दर वेळी सगळी फाईल तपासते. पसंतीच्या खिडकीतली आपोआप ताजे करण्याची खूण काढून टाकावी आणि दिवसाचे काम संपल्यावर एकदाच ताजे करावे. तोपर्यंत नव्या संदर्भांखाली तुटक रेघ दिसते. तिला भिऊ नये.

संग्रहाची प्रतही वेगळी हवी. झोटेरो आपली माहिती इंटरनेटवरून दुसऱ्या संगणकावर नेतो, पण येथे खोडलेली नोंद तिकडेही खोडली जाते. म्हणून त्याला राखीव प्रत म्हणता येत नाही. झोटेरो बंद करून त्याचे सबंध फोल्डर आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्यावे. ते फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हमध्ये मात्र ठेवू नये, त्याने संग्रहच बिघडू शकतो. एंडनोट वापरणाऱ्यांनीही आपला संग्रह अशा जागी ठेवू नये, आणि त्याची फाईल व जोडीचे डेटा फोल्डर दोन्ही बरोबर न्यावीत.

अगदी शेवटी, छपाईवाल्याला द्यायची प्रत. त्यासाठी संकेत काढून टाकण्याचे एक बटण आहे. ते दाबण्याआधी फाईलची दुसरी प्रत करून तिला वेगळे नाव द्यावे, कारण दाबल्यावर परत फिरता येत नाही.

भाचीने प्रबंध वेळेत दिला. परीक्षकांनी दोन प्रकरणांत दुरुस्त्या सुचवल्या आणि सहा नवे ग्रंथ वाचायला सांगितले. या खेपेला तिने आधी ऑल्ट-एफ-९ दाबले, मग मला फोन केला.